मेलेल्या माकडाचा जबाब

१९५७च्या मार्चमध्ये म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब आणि सागर तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात माकडे मरून पडू लागली. काळतोंडी वानरे जास्त, लालतोंडी माकडे त्या मानाने कमी. त्याच सुमारास जंगलाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये माणसे तापाने फणफणली होती. एकाएकी भरणारी थंडी, असह्य डोकेदुखी, ठणकणारे अंग, लालबुंद डोळे आणि काहींच्या नाकाहिरड्यांतून रक्त. आदल्या वर्षीही असाच ताप येऊन गेला होता आणि तो विषमज्वर म्हणून धरला गेला होता. गावकऱ्यांनी मात्र आपल्यापुरता निष्कर्ष काढला होता: आधी रानात माकड मरते, मग गावात माणूस आजारी पडतो.

ही बातमी पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला पोचली आणि तिथे खळबळ उडाली. माकडांची मर आणि माणसांचा रक्तस्रावी ताप एकत्र दिसला की पहिला संशय घ्यायचा तो पीतज्वराचा. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत पीतज्वर असाच येतो. झाडांवरून माकडे गळून पडतात आणि मागोमाग लाकूडतोडे आजारी पडतात. भारतात हा रोग कधीच आलेला नव्हता. पण तो पसरवणारा एडीस डास आपल्या शहरांत मुबलक होता आणि कोट्यवधी लोकांपैकी कोणाच्याही अंगात त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नव्हती. आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशांकडे लशीचा दाखला मागण्याचा सरकारी कटाक्ष याच भीतीपोटी होता. शिमोग्याचा ताप पीतज्वर निघाला असता तर ती साऱ्या आशियाच्या दृष्टीने आणीबाणी ठरली असती.

म्हणून प्रश्न एकच होता: हे माकड कशाने मेले? आणि उत्तर हवे होते ते महिन्याभराने नव्हे, हातोहात.

घाई कोणाला?

मृत शरीरातला तुकडा काढून तपासणे हे मुळात सावकाशीचे काम. इस्पितळातल्या शवविच्छेदनात यकृताचा, फुप्फुसाचा, मूत्रपिंडाचा लहानसा तुकडा कापून फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. तिथे तो निदान एक दिवस मुरतो, घट्ट होतो. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून फिरवून त्यातले पाणी काढायचे, झायलिनने अल्कोहोल घालवायचे, वितळलेल्या पॅराफिन मेणात तो भिजवायचा आणि मेणाची वडी थिजली की मायक्रोटोमवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील असे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. काप काचपट्टीवर घेऊन मेण उतरवायचे आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांनी रंगवायचे. पेशींची केंद्रके निळीजांभळी, बाकीचा भाग गुलाबी. यानंतर सूक्ष्मदर्शक. मेंदू तर अख्खाच फॉर्मॅलिनमध्ये आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवल्याखेरीज नीट कापताही येत नाही. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसली आणि आजही इस्पितळांचा कणा तीच आहे.

तिला वेग देण्याचे प्रयत्न झाले, पण कुठे झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन या विकृतिशास्त्रज्ञाने १९०५ साली शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा गोठवला, त्याचा काप मेथिलीन ब्लूने रंगवला आणि काही मिनिटांत गाठ कर्करोगाची आहे की साधी ते सांगितले. कारण रोगी टेबलावर बेशुद्ध होता आणि शल्यविशारद हातात सुरी घेऊन थांबला होता. पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूचेही तसेच. मेणाच्या वडीची वाट न पाहता मेंदूचा ताजा तुकडा काचेवर दाबायचा आणि ठसा रंगवून त्यात रेबीजची खूण असणारे नेग्री पिंड शोधायचे, ही सेलर्सची पद्धत १९२७पासून रूढ झाली. इथे कुत्रे मेलेले होते, पण त्याने चावलेला माणूस इंजेक्शनांच्या आशेवर दारात बसलेला होता.

थोडक्यात, तपासणीला वेग आला तो प्रत्येक वेळी कोणीतरी जिवंत माणूस उत्तरासाठी खोळंबलेला असताना. शवविच्छेदनात तसा कोणी दिसत नाही. मेलेल्याला घाई नसते, नातेवाइकांना प्रेत ताब्यात मिळण्याची घाई असते, अहवालाची नसते. साथीच्या काळात मात्र हे गणित उलटते. तेव्हा मेलेल्याच्या यकृतात काय आहे यावर शेजारच्या वस्तीचे काय होणार ते ठरते.

प्लेगने शिकवलेले दोन धडे

हा धडा पुण्याने आणि मुंबईने पीतज्वराच्या संशयाच्या साठ वर्षे आधीच घेतला होता. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला आणि नंतर तो पुण्यात शिरला. १८९७ साली पुण्यात प्लेग कमिटीच्या गोऱ्या सोल्जरांनी घरे धुंडाळली, माणसे उघडी करून तपासली. त्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर कमिटीचा अध्यक्ष रँड याच्या वधात झाली. मुंबईत प्रेते तपासल्याशिवाय पुरू-जाळू न देण्याचा नियम आला, तेव्हा लोकांनी प्रेते लपवली. मार्च १८९८मध्ये तिथे दंगल उसळली तिचे निमित्तही घरातल्या रोग्याची तपासणी हेच होते. पहिला धडा हा, की घरच्या प्रेताला परका हात लागणे लोक सहन करत नाहीत आणि तिथे जबरदस्ती केली तर रोगाची माहितीच दडपली जाते.

दुसरा धडा परळच्या प्रयोगशाळेने दिला. प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. पुढे तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. १९०५पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने तिथे माणसाऐवजी उंदराचे शवविच्छेदन हाती घेतले. शहरभरातून मेलेले उंदीर गोळा व्हायचे. पिसवा मरण्यासाठी ते जंतुनाशकात बुडवायचे, मग फळीवर पाय खिळवून पोट उघडायचे. हजारो उंदीर असे पाहिल्यावर आयोगाच्या लक्षात आले की सरावलेल्या माणसाला सूक्ष्मदर्शकाची फारशी गरजच पडत नाही. मानेतली सुजलेली गाठ, कातडीखालचे रक्ताळलेपण, यकृतावरचे बारीक पांढुरके ठिपके, छातीत साठलेले पाणी: एवढे नुसत्या डोळ्यांनी दिसले की उंदीर प्लेगने मेला असे म्हणायला हरकत नव्हती. उंदरामागे फार वेळ लागत नसे. ज्या मोहल्ल्यातले उंदीर प्लेगचे निघाले तिथे लवकरच माणसे आजारी पडणार हे आधीच कळे. मेलेल्या प्राण्याच्या शरीरातून माणसांना वेळेवर इशारा देण्याची ही रीत इथे शिस्तीत बसली.

रॉकफेलरची नळी

पुण्याच्या केंद्राची दुसरी परंपरा ब्राझीलची होती. हे केंद्र भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ साली पुण्यात सुरू केले. परिषदेची सूत्रे तेव्हा डॉ. चिंतामण गोविंद पंडित यांच्याकडे होती. डास, गोचीड यांच्यासारख्या चावऱ्या जिवांमार्फत पसरणारे विषाणू हा केंद्राचा विषय. रॉकफेलरची माणसे कित्येक वर्षे पीतज्वराच्या मागे होती. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या मॅक्स थायलर यांना पीतज्वरावरच्या संशोधनासाठी १९५१ चे नोबेल मिळाले होते.

ब्राझीलमध्ये १९३०च्या दशकात रॉकफेलरच्या फ्रेड सोपर यांच्या पथकापुढे असाच पेच होता. पीतज्वराची खात्री यकृताच्या कापावरून होई. यकृताच्या खंडिकांचा मधला पट्टा नासलेला आणि पेशींमध्ये ठरावीक गुलाबी गोळे. पण खेडोपाडी डॉक्टर नव्हते, शवागारे नव्हती आणि लोक प्रेत फाडू देत नव्हते. तेव्हा विसेरोटोम नावाचे हत्यार आले. धारदार तोंडाची धातूची नळी आणि तिच्यात सरकणारे पाते. बरगड्यांच्या खालून उजवीकडे खुपसायची, पाते ओढायचे आणि यकृताचा तुकडा घेऊन बाहेर काढायची. हे काम करायला डॉक्टर लागत नसे. गावातला दुकानदार किंवा कारकून ते शिकून करी. थोड्या दिवसांच्या तापाने दगावलेल्यांचे असे तुकडे देशभरातून गोळा झाले, त्यांची संख्या काही लाखांत गेली. याला विरोधही झाला, काही ठिकाणी ही नळी चालवणाऱ्यांचे खून पडले. पण जिथे पीतज्वराची कोणाला शंकाही नव्हती अशा गावांतून यकृतांनी साक्ष दिली आणि रोगाचा खरा नकाशा तयार झाला. शहरातले डास मारले की पीतज्वर संपेल हा समज खोटा ठरला. तो जंगलात, माकडांमध्ये दबा धरून होता.

शिमोग्याला गेलेल्यांपैकी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी पनामाच्या गॉर्गस प्रयोगशाळेत काम केलेले होते. मध्य अमेरिकेत पीतज्वर माकडांना मारत वर सरकला, तो काळ त्यांनी जवळून पाहिला होता. केंद्राची धुरा तेव्हा टेलफर्ड वर्क या अमेरिकन डॉक्टरांकडे होती. परळच्या उंदरांची आणि ब्राझीलच्या यकृतांची ही दुहेरी शिदोरी घेऊन पुण्याची माणसे शिमोग्यातल्या क्यासनूरच्या रानात उतरली.

क्यासनूर

मेलेल्या माकडाचा उपयोग फार थोडा वेळ असतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात काही तासांत पोट फुगते, माश्या बसतात, कोल्हे-कुत्री येतात. शरीर कुजू लागले की पेशी विरतात आणि विषाणूही मरतो. म्हणजे शर्यत सुरू होते ती प्रयोगशाळेत नव्हे, झाडाखाली. माकड नुकते मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले सापडायला हवे. ते सापडते ते रानात रोज जाणाऱ्यांना: लाकूडफाटा, पानपाचोळा आणणाऱ्या बायका, गुराखी. त्यांनी पथकाला सांगायला हवे. हनुमानाच्या नात्याने मेलेल्या माकडाला मूठमाती देण्याची रीत अनेक गावांत आहे, त्यामुळे कळवण्याच्या आधी पुरून टाकण्याचाही धोका असतो. तरीही माणसाच्या प्रेतापाशी जो विरोध उभा राहतो तो इथे नव्हता, आणि ती मोठी सोय होती.

शवविच्छेदन जागेवरच होई. मेंदू, यकृत, प्लीहा, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड यांचे तुकडे काढायचे आणि प्रत्येकाच्या दोन वाटण्या करायच्या. एक वाटणी फॉर्मॅलिनच्या बाटलीत, दुसरी बर्फात. इथे दोन्ही वाटा वेगळ्या होतात, आणि क्यासनूरच्या कथेचा गाभा या फाट्यातच आहे. फॉर्मॅलिन पेशींची ठेवण टिकवते पण विषाणूला मारते; बर्फ विषाणूला जिवंत ठेवतो पण पेशींचे सुबक चित्र देत नाही. पहिल्या बाटलीला विचारता येते की शरीरात काय बिघडले. दुसरीला विचारता येते की ते कोणी बिघडवले.

बर्फातली वाटणी पुण्याला निघे. शिमोग्याहून पुणे पाचशे किलोमीटरहून अधिक. पुण्यात तो तुकडा खलात घोटून, खारट द्रावणात मिसळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग घेतला जाई आणि जन्मून दोन-चार दिवस झालेल्या उंदराच्या पिलांच्या मेंदूत त्याचा अगदी बारीकसा थेंब टोचला जाई. एवढ्या कोवळ्या पिलांना विषाणू झपाट्याने धरतो. मग रोज सकाळी पिंजरे पाहायचे. पिले दूध पिईनाशी झाली, थरथरू लागली, आई त्यांना दूर लोटू लागली की समजायचे, काहीतरी वाढते आहे. त्या पिलांचे मेंदू काढून पुन्हा नव्या पिलांना टोचायचे आणि त्याच वेळी ओळखीच्या विषाणूंविरुद्धच्या रक्तद्रवांशी त्याची जुळणी करून पाहायची.

असा विषाणू १९५७ सालीच मेलेल्या माकडाच्या अवयवांतून हाती आला. आजारी माणसांच्या रक्तातूनही तोच निघाला आणि गावकऱ्यांचा निष्कर्ष खरा ठरला. हा पीतज्वर मात्र नव्हता. रक्तद्रवाच्या चाचण्यांत त्याची जुळणी लागली ती थेट सायबेरियाच्या जंगलांत गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंच्या घराण्याशी. ही बातमी कोणाच्याही ध्यानीमनी नव्हती, पण तिचा एक धागा केंद्राच्या दप्तरात आधीपासून पडून होता. केंद्राच्या सुरुवातीच्या दिवसांत स्मिथबर्न, केर आणि डॉ. गटणे यांनी देशभरातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले होते. तेव्हा सौराष्ट्र-कच्छकडच्या काही नमुन्यांत याच रशियन घराण्याविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती.

रोगाला जंगलाचे नाव मिळाले: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. वाहक निघाली हिमाफायसालिस स्पिनिजेरा ही जंगली गोचीड. पक्ष्यांनी सायबेरियाहून हा विषाणू आणला असेल काय, या शंकेने पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू झाला. तो एक स्वतंत्र इतिहास आहे.

काचपट्टीची मर्यादा

फॉर्मॅलिनच्या बाटल्यांचे काय झाले? १९५७ साली या तापाचे ४६६ रुग्ण नोंदले गेले आणि पुढच्या वर्षी १८१. दगावलेल्यांपैकी तीन माणसांची शवविच्छेदने होऊ शकली. सी. जी. एस. अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध केले. यकृत आणि मूत्रपिंडाच्या पेशींचा ऱ्हास, फुप्फुसांत रक्तस्राव, आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी रक्तातल्या तांबड्या पेशी गिळून टम्म झालेल्या. मेलेल्या माकडांवरचा अहवालही त्यांनी पुढे लिहिला.

हे सगळे मोलाचे होते, पण यातली एकही खूण या रोगापुरती नव्हती. पीतज्वरात यकृत जशी जवळजवळ सही करून देते, तशी सही इथे कोणत्याच अवयवाने दिली नाही. काचपट्टी वाचणारा कितीही निष्णात असला तरी तो एवढेच म्हणू शकत होता, की हा एखादा रक्तस्रावी विषाणूताप असावा. मेणाच्या वडीचा वेळ दोन दिवसांवरून दोन तासांवर आणला असता तरी नाव मिळाले नसते. पुढे मायक्रोवेव्हने तुकडे मुरवण्याच्या आणि रात्रभराचे काम काही तासांत उरकण्याच्या युक्त्या आल्या, त्यांनी इस्पितळांचे बरेच काम हलके केले. पण क्यासनूरने १९५७ सालीच दाखवून दिले होते की वेग वाढवायचा तर कधीकधी तोच प्रश्न भराभर विचारून भागत नाही, त्या तुकड्याला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

याची किंमतही मोजावी लागली. विषाणू जिवंत ठेवून काम करायचे म्हणजे तो आपल्या अंगावर घेण्याची जोखीम. आजच्यासारखी बंदिस्त कपाटे आणि हवा गाळणारे पोशाख तेव्हा नव्हते. पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि रानातल्या पथकांत अनेकांना हाच ताप आला.

पन्नास मीटर

मेलेल्या माकडाच्या निदानाची एवढी निकड का, याचे उत्तर गोचिडांच्या वागण्यात आहे. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो आणि त्याच्या अंगावर गोचिडांची पिले चिकटलेली असतात. माकड मरून थंड पडू लागले की ती अंगावरून उतरतात आणि आजूबाजूच्या पाल्यात पसरून पुढच्या उबदार शरीराची वाट पाहतात. त्यांच्या पिलावळीचा हंगाम हिवाळ्याअखेर ते उन्हाळा असा, आणि रानात सरपण-पाला आणायला जाण्याचाही तोच. म्हणजे मेलेल्या माकडाभोवतीचा पट्टा हा पुढचे काही आठवडे सापळाच असतो.

म्हणून पुढे नियम झाला: माकड जिथे मरून पडले त्याच्या पन्नास मीटर परिघात मॅलॅथिऑनची भुकटी मारायची, गावाला त्या भागात जाऊ द्यायचे नाही, जाणाऱ्यांनी अंगाला गोचीड न चिकटू देणारे तेल लावायचे. शवविच्छेदनाच्या उत्तरावर जो कोणी खोळंबलेला आहे तो म्हणजे त्या पन्नास मीटरमध्ये उद्या सकाळी कोयता घेऊन जाणारी बाई. अहवाल तिच्या आधी पोचला तर त्याचा उपयोग. नंतर पोचला तर तो फक्त दप्तर.

केंद्राने सागर येथे क्षेत्रीय ठाणे उभारले आणि मेलेल्या माकडांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. १९५७ ते १९६४ या काळात त्या एका जिल्ह्यात हजाराहून जास्त माकडांचे मृत्यू टिपले गेले. ही नोंद म्हणजेच रोगाचा नकाशा होता. कोणत्या ओढ्याकडून कोणत्या टेकडीकडे तो सरकतो आहे हे माकडे सांगत होती.

पुण्यातून दोडामार्गपर्यंत

१९६७ साली रॉकफेलरने हात काढून घेतला आणि केंद्र पूर्णपणे वैद्यक संशोधन परिषदेकडे आले. १९७८मध्ये ते राष्ट्रीय विषाणू संस्था झाले; पुणेकरांच्या तोंडी ‘एनआयव्ही’. त्याच वर्षी डॉ. खोरशेद पावरी तिच्या संचालक झाल्या. क्यासनूरचा ताप मात्र बराच काळ शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरता राहिला आणि बाहेरच्या लोकांना त्याचा विसर पडला.

२०१२मध्ये दोन गोष्टी घडल्या. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी या विषाणूसाठी पीसीआरची चाचणी प्रसिद्ध केली. यात विषाणू जिवंत असण्याची गरज नाही, त्याच्या जनुकाचा अंश सापडला तरी पुरे. उंदराच्या पिलांपुढे बसून दिवस मोजण्याचे काम काही तासांवर आले. आणि डिसेंबरात पाषाणला सर्वोच्च सुरक्षेची, चौथ्या स्तराची प्रयोगशाळा सुरू झाली. १९५७मध्ये जे काम उघड्या टेबलावर चालले होते, ते आता बंदिस्त दालनात, बाहेरून हवा पुरवलेल्या पोशाखात करता येऊ लागले.

त्याच हिवाळ्यात विषाणू या पट्ट्याबाहेर पडल्याचे दिसले. बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली आणि त्यांचे मृतदेह हाताळून जाळणाऱ्यांनाच ताप आला. मग निलगिरी, वायनाड, आणि २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले पाली गाव. २०१६च्या सुरुवातीला तो सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी आला आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. मराठी वर्तमानपत्रांत ‘माकडताप’ हा मथळा ठळक झाला. कोकणात हंगाम काजूचा. ज्या महिन्यांत गोचिडांची पिले पाल्यात असतात, त्याच महिन्यांत बायाबापडे बोंडाखालच्या बिया वेचायला खाली वाकलेले असतात. रुग्णांचे आणि माकडांचे नमुने पुण्याला गेले आणि उत्तर आले. पुढे गोव्यातल्या एका कंपनीच्या छोट्या यंत्रावर चालणारी चाचणी एनआयव्हीने तपासून घेतली. ती तालुक्याच्या ठिकाणी, तासाभराच्या आसपास निकाल देऊ शकते.

मोठ्या इस्पितळांतही शवविच्छेदनाची दिशा तीच आहे. मोझांबिकच्या मापुटो शहरात स्पेनच्या संशोधकांबरोबर झालेल्या अभ्यासाने दाखवले की प्रेत न फाडता, जाड सुयांनी यकृत, फुप्फुस, मेंदू यांचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शक आणि पीसीआर दोन्ही वापरले तर बहुतेक मृत्यूंचे कारण सापडते. नातेवाईकही या पद्धतीला लवकर संमती देतात. करोनाच्या काळात वैद्यक संशोधन परिषदेनेही शवविच्छेदनात शरीर कमीत कमी उघडण्याचा सल्ला दिला होता. ब्राझीलच्या नळीचीच ही सुधारलेली पिढी; फरक एवढा, की आता आधी विचारले जाते.

१९५७ आणि आज यांतला हिशेब मांडला तर एक गोष्ट लख्ख दिसते. तपासणीचा वेळ आठवड्यांवरून तासावर आला, पण माकड पडल्यापासून नमुना टेबलावर येईपर्यंतचा वेळ त्या प्रमाणात घटलेला नाही. दरीत पडलेले माकड दिसायला हवे, दिसलेले कळवायला हवे, कुजण्याआधी कोणीतरी हातमोजे घालून तिथे पोचायला हवे. हे यंत्राने होत नाही. ते वनखात्याच्या रक्षकाने, पशुवैद्यकाने, आशाताईने आणि काजूच्या बागेच्या मालकाने व्हायचे असते.

हेच माणसांच्या इस्पितळांबाबतही खरे आहे. पोलिसी कारणाशिवाय, निव्वळ आजार समजून घेण्यासाठी होणारी शवविच्छेदने जगभर घटत चालली आहेत. ‘आता कळून काय उपयोग’ हा त्यामागचा विचार. क्यासनूरने त्याला सत्तर वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे: उपयोग मेलेल्याला नसतोच, तो त्याच रस्त्याने उद्या जाणाऱ्याला असतो. वेगवान चाचणीवर खर्च करताना तो माणूस कोण आणि त्याला निरोप कोण देणार, हे आधी ठरवले तरच त्या वेगाला काही अर्थ आहे.